तुकडी लहान केली, तर गुण वाढतात का?

तुकडीचा पट कमी करावा का, यावर आम्ही टिपण तयार करत होतो. त्या दिवशी शाळांचा पट आणि गुण यांचा आलेख पडद्यावर आला आणि रेघ उलटीच निघाली: जिथे पट जास्त, तिथे गुणही जास्त. आकडे बरोबर होते, तुलना चुकीची होती. नावाजलेल्या शाळेत गर्दी होते, आणि मागे पडलेल्या मुलांना पुष्कळदा मुद्दाम लहान तुकडीत बसवतात.

म्हणून आम्ही लहान तुकडीचा परिणाम तपासणाऱ्या, अमेरिकेतल्या टेनेसी राज्याच्या ‘स्टार’ प्रयोगाची माहिती उघडली. १९८५ ते १९८९, ७९ शाळा, सुमारे ११,६०० मुलं, बालवर्ग ते तिसरी. मुलं आणि शिक्षक, दोघांचीही वाटणी शाळेच्या आतच, चिठ्ठ्या टाकल्यासारखी. तुकड्या तीन प्रकारच्या: १३ ते १७ मुलांची, २२ ते २५ची, आणि २२ ते २५चीच पण शिक्षकाला मदतनीस असलेली.

इथेही घसरायला जागा आहे. दरवर्षी सुमारे दहा टक्के मुलं तुकडी बदलत होती. सुरुवातीला मोठ्या तुकडीत पडलेलं मूल पुढच्या वर्षी लहान तुकडीत दिसतं. पालकांनी आग्रह धरला असेल, तर ते घरही वेगळं असणार. मूल प्रत्यक्ष कुठे बसलं यावरून गट पाडले, की चिठ्ठीमुळे गट सारखे होण्याचा फायदा गेलाच. म्हणून पहिल्या वाटणीचा रकाना धरायचा आणि शाळेतल्या शाळेत तुलना करायची. बालवर्गाआधी चाचणी झालेली नव्हती, त्यामुळे वय आणि मोफत जेवण घेणाऱ्या (म्हणजे गरीब घरांतल्या) मुलांचं प्रमाण सगळ्या गटांत सारखं आहे ना, तेही तपासायचं.

अर्थतज्ज्ञ ॲलन क्रूगर यांच्या याच प्रयोगावरच्या १९९९च्या अभ्यासात लहान तुकडीचा लाभ पहिल्या वर्षी सुमारे ४ पर्सेंटाइल (शंभर मुलांच्या क्रमवारीत चार जागा वर) आणि पुढे दरवर्षी साधारण १ निघाला. गरीब आणि कृष्णवर्णीय मुलांना जास्त. मदतनिसाचा फरक जवळपास नाहीच. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण स्वस्त पर्याय म्हणून मदतनीसच आधी पुढे येतो.

मग खर्च मांडला. २४० मुलं, २४ची तुकडी: १० वर्ग. १६ची केली: १५ वर्ग, म्हणजे पाच खोल्या आणि पाच शिक्षक जास्त. ३०वरून २७वर आणलं, तर ‘स्टार’चा दाखला देता येत नाही, तिथे फरक सात-आठ मुलांचा होता.

कॅलिफोर्नियाने १९९६मध्ये राज्यभर एकदम पट जवळपास २९वरून २०वर आणला. शिक्षक कमी पडले, नवखे आणि पूर्ण पात्रता नसलेले घ्यावे लागले, आणि लाभाचा बराच भाग तिथेच गळाला. आमच्या टिपणात म्हणून पटाच्याही आधी हा प्रश्न आला: ते पाच शिक्षक कुठून येणार, आणि कधीपर्यंत?