पत्रादेवी ओलांडताना भाच्याचे प्रश्न

रात्री सावंतवाडीतून निघालेली आमची चाळीसेक माणसं पहाटे बांद्याला चहासाठी थांबली. 3 डिसेंबरला जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचं फेस्त असतं, त्यासाठी आम्ही दरवर्षी चालत जातो. यंदा पुण्यात इंजिनियर असलेला भाचाही आला होता. "मामा, मी चालायला येतोय, प्रार्थनेला नाही," हे त्याने आधीच बजावलं होतं.

रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, संपली की त्याचं सुरू. विश्वाच्या सुरुवातीचा महास्फोट (बिग बँग) शिकायचा आणि चर्चमध्ये बायबलमधलं उत्पत्तीचं पुस्तक ऐकायचं, हे जमतं कसं?

त्या कल्पनेचा जनक जॉर्ज लमेत्र हा बेल्जियमचा कॅथलिक धर्मगुरू, हे मी सांगितलं. 1927 मध्ये त्याने विश्वाच्या प्रसरणाचं गणित मांडलं, 1931 मध्ये सगळं विश्व एका आद्य अणूतून निघाल्याची कल्पना. एवढं उत्तर आमच्यातले सगळेच देतात. मला त्याच्या पुढची गोष्ट जास्त आवडते. 1951 मध्ये पोप बारावे पायस यांनी या सिद्धांतात निर्मितीला दुजोरा शोधला, ते लमेत्रलाच रुचलं नाही. हा सिद्धांत धर्माच्या प्रश्नाबाहेरचा आहे, असं त्याचं मत.

"म्हणजे देवाचा पुरावा नाहीच!"

"दुर्बिणीत नाही. पण मुळात काहीतरी का आहे, हे महास्फोट सांगत नाही. जे आहे ते कसं पसरलं, एवढंच सांगतो."

गोव्याच्या हद्दीवर, पत्रादेवीला उजाडलं. पेडण्याच्या पुढे त्याच्या टाचेला फोड आला, तेव्हा जरा शांतता मिळाली. म्हापशाला पट्टी बांधल्यावर पुन्हा प्रश्न: जुन्या गोव्यात ठेवलेल्या झेवियरच्या वाळलेल्या देहासाठी एवढी पायपीट?

देह वाळलाय, खरंच आहे. तो न कुजण्यावर आमची श्रद्धा उभी नाही. तसं मानणं कुणा कॅथलिकाला बंधनकारकही नाही. सगळं उभं आहे ते येशूच्या पुनरुत्थानावर. बायबलमधल्या चारही शुभवर्तमानांत त्याची रिकामी कबर आधी पाहिली ती स्त्रियांनी, आणि त्या काळी स्त्रीच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती. थाप मारायची तर असे साक्षीदार कोण निवडेल? यानं काही सिद्ध होत नाही, पण रचलेली गोष्ट अशी रचत नाहीत एवढं मला पटतं.

पणजीहून रिबंदरला जाणारा जुना बांध 1630 च्या दशकातला. तिथे खाडीचा वारा लागला आणि त्याने मुख्य घाव घातला. "इन्क्विझिशन?"

इन्क्विझिशन म्हणजे श्रद्धेवरून खटले चालवणारं चर्चचं न्यायालय. झेवियरनेच 1546 मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून ते मागितलं. गोव्यात आलं 1560 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी. तारखांच्या या फटीतून त्याला सोडवणारे लोक मी ऐकलेत. मला तसं करवत नाही. लोकांना श्रद्धेवरून तुरुंगात घातलं, छळलं. ते पाप होतं. संतपण म्हणजे अचूकपण नव्हे, हे चर्च पूर्वीपासून शिकवतं, पण त्याने ते पाप हलकं होत नाही. एवढंच बोललो.

भाचा काही बोलला नाही. मागच्या आजी ओरडल्या, "रोझरी चालू आहे, गप्पा नंतर!" मी पुन्हा माळ धरली आणि मणी चुकलो.

"सातवा झाला, मामा," भाचा म्हणाला. "आठव्यावर आहात."