तुम्ही विचारलंत म्हणून: तेच चार उपग्रह पुन्हा का?

सुट्टीत घरी आले की कुणीतरी विचारतंच: "क्लस्टरचे चारही उपग्रह रॉकेटबरोबर नष्ट झाले, मग पुन्हा तेच चार बांधायचा अट्टाहास कशाला? एकानं भागलं नसतं?"

नसतं भागलं. क्लस्टर म्हणजे पृथ्वीभोवतालचं चुंबकीय क्षेत्र मोजणारी युरोपची मोहीम. चुंबकावरणाची, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय कवचाची, सीमा आपल्यावरून सरकून गेली, का क्षेत्रच जागच्या जागी बदललं, हे एकट्या उपग्रहाला कळत नाही. अवकाशातला विद्युतप्रवाह काढायचा तर एका पातळीत नसलेले चार बिंदू लागतात. तिनांवर पुरतं गणित सुटत नाही. किती वेळा सांगायचं?

४ जून १९९६. फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियान-५ या युरोपीय रॉकेटचं पहिलंच उड्डाण, त्यावर आमचे चार उपग्रह. मुख्य इंजिन पेटल्यावर ३७ सेकंदांत रॉकेट भरकटलं आणि फुटलं. आधीच्या एरियान-४ रॉकेटचा प्रोग्रॅम तसाच उचललेला. आडव्या वेगाशी निगडित ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत मावला नाही. अवशेष दलदलीत पडले. आमच्याकडे फोटो आले, तेव्हा मी त्या चिखलात मॅग्नेटोमीटरची, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या उपकरणाची, दांडी शोधत बसले. पाच मीटरची ती दांडी कशासाठी होती? जमिनीवर क्षेत्र हजारो नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्राचं एकक) असतं, तिथं वर कधी पाच-दहाच मोजायचं. म्हणजे उपग्रहाचं स्वतःचं चुंबकत्व दूर ठेवायला हवं. प्रत्येक रिले, प्रत्येक व्हॉल्व्ह तपासून घेतलेला. सोलर पॅनेलच्या तारा अशा फिरवलेल्या, की एकीच्या प्रवाहाचं क्षेत्र दुसरीनं मारावं. जवळ पोलादी स्क्रूड्रायव्हर आणला म्हणून मी माणसांवर ओरडले आहे. त्या सगळ्याचा चिखल झाला होता.

आणि हो, पुन्हा तेच बांधायला तेव्हा माझाही विरोध होता. ऐंशीच्या दशकातली कल्पना, जुनी उपकरणं. थांबू, नवं करू, असं मी तावातावानं म्हणत होते. आधी सुट्या भागांतून 'फिनिक्स' नावाचा एकच उपग्रह बांधायचा ठरला, १९९७मध्ये चारही. २०००च्या जुलै-ऑगस्टमध्ये बैकानूरहून रशियाच्या सोयूझ रॉकेटनं ते दोन-दोन करून नेले. थांबलो असतो तर सूर्याच्या त्या कमाल सक्रियतेचा काळ हुकला असता, आणि २०२४पर्यंतची मोजमापं मिळाली नसती. ही बाजू मी आज जीव तोडून मांडते.

पण इलेक्ट्रॉनांच्या पातळीवरच्या अगदी बारीक घडामोडी पकडायला जी वेगवान उपकरणं हवी होती, ती नासाच्या एमएमएस या चार उपग्रहांच्या मोहिमेनं २०१५ साली नेली. 'थांबू, नवं करू' हा तेव्हाचा माझा मुद्दा अजून मला खोडता आलेला नाही.