तुम्ही विचारलंत म्हणून: माझी फाइलसिस्टिम अजून लिनक्सच्या बाहेर का?

"कोड चालतो, लोक वापरतात, मग कर्नलमध्ये घेत का नाहीत?" हे मला इतक्या जणांनी विचारलंय की आता उत्तराआधीच थकवा येतो. (फाइलसिस्टिम म्हणजे डिस्कवर फायली कुठे, कशा ठेवायच्या हे सांभाळणारा कोड; कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा.) विचारणाऱ्याने निकाल बहुतेक वेळा आधीच लावलेला असतो. एक तर माझ्या कोडमध्ये खोट असणार, नाही तर कर्नलची मंडळी हेकट असणार. एकदा सविस्तर लिहून टाकते. मग पटो न पटो.

नेहमीचे तर्क आधी बाजूला ठेवू. परवान्याची अडचण नाही. झेडएफएस या फाइलसिस्टिमच्या बाबतीत तिचा परवाना सीडीडीएल आणि कर्नलचा जीपीएल यांचं जुळत नाही, तसं इथे काही नाही. एक्सएफएसटेस्ट्स हा फाइलसिस्टिमच्या चाचण्यांचा संच मी रोज चालवते. "एरोफ्स ही फाइलसिस्टिम २०१८ मध्ये स्टेजिंगमध्ये, म्हणजे कर्नलच्या कच्च्या कोडच्या विभागात, आली आणि २०१९ मध्ये कर्नलच्या ५.४ आवृत्तीत तिथून बाहेर पडून मुख्य भागातही गेली, मग तुमचंच काय अडलंय?" असं विचारणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की एरोफ्स फक्त वाचण्यासाठी आहे. लिहिता लिहिता वीज गेली तर डिस्कवर काय उरेल, हा प्रश्न तिला पडत नाही. माझा निम्म्याहून अधिक कोड त्याच प्रश्नासाठी लिहिलेला आहे.

अडलंय ते सुपरब्लॉकमधल्या, म्हणजे डिस्कवर फाइलसिस्टिमची मूळ माहिती असते त्या ब्लॉकमधल्या, एका आकड्यापासून.

माझ्या फॉरमॅटला आवृत्तीचा एकच क्रमांक होता. नवं फीचर आलं की क्रमांक एकाने वाढवायचा. डिस्कवरचा क्रमांक कोडला माहीत असलेल्यापेक्षा मोठा निघाला तर माउंट करायला, म्हणजे डिस्क वापरासाठी जोडायला, नकार द्यायचा. पॅच, म्हणजे कर्नलमध्ये घालायचा कोड, पाठवल्यावर कर्नलचा कोड सांभाळणाऱ्या एका जुन्याजाणत्या मेंटेनरचं उत्तर आलं. कौतुक नाही, टीकाही नाही, फक्त विचारणा: एखाद्या डिस्ट्रिब्युशनने (लिनक्सचा तयार संच देणाऱ्यांनी) तुमचं आठवं फीचर न घेता नववं तेवढं आपल्या जुन्या कर्नलवर आणलं, तर त्या डिस्कवर कुठला क्रमांक लिहायचा?

एकटीने लिहिलेल्या कोडमध्ये फीचर रांगेतच येतात, त्यामुळे एक क्रमांक पुरतो. कर्नलमध्ये गेल्यावर रांग माझ्या हातात राहत नाही. एक्स्ट२ या जुन्या लिनक्स फाइलसिस्टिमच्या काळापासून यावर तोडगा आहे: फ्लॅगचे, म्हणजे दर फीचरमागच्या खुणेचे, तीन संच. पहिल्या संचातला अनोळखी फ्लॅग दिसला तरी खुशाल माउंट करा, दुसऱ्यातला दिसला तर वाचण्यापुरतं करा, तिसऱ्यातला दिसला तर डिस्कला हात लावू नका. एक्सएफएस आणि बीटीआरएफएस या फाइलसिस्टिममध्येही हीच पद्धत आहे.

तेव्हाची मी चिडले. उलट लिहिलं, की २००९ मध्ये २.६.२९ मध्ये बीटीआरएफएस आली तेव्हा कर्नल बांधताना निवडायच्या तिच्या पर्यायातच 'डिस्कचा फॉरमॅट अजून स्थिर नाही' असा इशारा होता. तिला ती मुभा होती, मग मला का नाही? तो मुद्दा मी आजही मागे घेत नाही. पण मला मिळालेलं उत्तरही खोडता येत नाही: तेव्हा मुभा दिली, म्हणूनच आता फॉरमॅटचं आधी विचारतो.

फ्लॅग घातले. ते काम कष्टाचं होतं, दुःखाचं नव्हतं. दुःखाचं पुढे आलं. आता जुना फॉरमॅट वाचणारा कोड काढून टाका, असं सांगण्यात आलं. कर्नलमध्ये ही फाइलसिस्टिम नवी आहे, तिने जन्मतःच जुनं ओझं का आणावं? ज्यांच्या डिस्क जुन्या आहेत त्यांनी वेगळ्या टूलने बदलून घ्याव्यात.

हा तर्क मला कळतो. कर्नलची आतली रचना बदलते तेव्हा, उदाहरणार्थ मेमरीच्या सुट्या पानांकडून फोलिओ या पानांच्या गठ्ठ्यांकडे जाताना, प्रत्येक फाइलसिस्टिमच्या प्रत्येक कोपऱ्यात कोणाला तरी उतरावं लागतं, वापरणारे दहा असोत की दहा लाख. आणि एकदा घेतलेलं सहज टाकता येत नाही. रायझरएफएस २००१ मध्ये २.४.१ मध्ये आली. ती काढणार हे २०२२ मध्ये जाहीर झालं, आणि तिच्याविना ६.१३ बाहेर आलं तेव्हा २०२५ उजाडलं होतं. इतका काळ कोणाच्या तरी डिस्कची जबाबदारी घ्यायची, तर माणसं आधी खोदून विचारणारच.

पण पहिली आवृत्ती देताना मी लिहिलं होतं, की हिच्यावर एकदा ठेवलेलं पुढच्या प्रत्येक आवृत्तीत, पुन्हा फॉरमॅट न करता वाचता येईल. त्या शब्दावर लोकांनी डिस्क भरल्या. अगदी काठोकाठ भरल्या, आणि घोडं नेमकं तिथेच अडलं. माझी फाइलसिस्टिम कॉपी-ऑन-राइट आहे, म्हणजे बदल जुन्यावर न लिहिता नव्या जागी लिहिते. बदलणारं टूलही जुन्या ब्लॉकवर लिहीत नाही. मेटाडेटाची (काय कुठे ठेवलंय या नोंदींची) नवी प्रत आधी मोकळ्या जागेत उतरवतं आणि सगळं झाल्यावरच सुपरब्लॉक बदलतं. मध्येच वीज गेली तर जुनं शाबूत राहतं. मात्र मोकळी जागाच नसेल तर सुरुवातही होत नाही.

एका वापरकर्त्याची गत अशीच झाली. फायली पुसून जागा करावी म्हटलं, तर सगळे ब्लॉक जुन्या स्नॅपशॉटनी, म्हणजे फाइलसिस्टिमच्या त्या त्या वेळच्या जपून ठेवलेल्या स्थितींनी, धरलेले. स्नॅपशॉट काढणं त्याला शक्य नव्हतं, कारण त्याच्या संग्रहाचा इतिहास त्यांतच होता. त्याने मला विनवलं: जागच्या जागी बदलून द्या, धोका मी पत्करतो. कोड लिहायला मला फार वेळ लागला नसता. पण जागच्या जागी लिहिताना मध्ये काही झालं तर डिस्क ना जुन्या कोडला वाचता येणार, ना नव्या. मी नाही म्हटलं. त्याने महत्त्वाचं तेवढं एक्स्ट४ वर हलवलं, इतिहास सोडून दिला, माझे आभार मानले आणि निघून गेला. माझ्या शब्दाच्या भरवशावर त्याने ते सगळं ठेवलं होतं. त्या दिवसापासून पॅचमाला हाती घेतली की तो आठवतो.

तेव्हाची मी म्हणते: शब्द दिलायस, तो पाळ. कर्नलमध्ये जाईन असं तू कोणाला सांगितलं नव्हतंस. आजची मी म्हणते: बाहेर राहिलं तर दर नव्या कर्नलला माझं मॉड्यूल, म्हणजे कर्नलला बाहेरून जोडायचा हा कोड, पुन्हा जुळवावं लागतं, कारण आतले इंटरफेस स्थिर नसतात. ज्या दिवशी माझ्याने ते होणार नाही, त्या दिवसापासून या सगळ्यांच्या डिस्क एका जुन्या कर्नलला बांधल्या जातील. असा पाळलेला शब्द त्यांच्या काय कामाचा? दोघींचं भांडण मला मिटवता आलेलं नाही, आणि कोणी 'सोपं आहे हो' म्हणालं की मला राग येतो.

हल्ली त्यात भर म्हणून, "बीकॅशएफएस ही फाइलसिस्टिम ६.७ मध्ये घेतली आणि ६.१८ मधून काढली, मग तुम्ही कशाला जीव आटवता?" असंही विचारतात. तो वाद बराचसा दुरुस्तीच्या आठवड्यांत, म्हणजे नवी फीचर घेणं थांबलेलं असतं तेव्हा, काय पाठवावं यावरून पेटला. एखाद्याचा डेटा अडकलाय आणि त्याला सोडवणारा कोड आपल्या हातात आहे, तेव्हा पुढच्या मर्ज विंडोपर्यंत, म्हणजे नवे बदल पुन्हा घेतले जाईपर्यंत, थांबणं किती जड जातं हे मला माहीत आहे. ते वेळापत्रक मोडलं तर बाकीच्या सगळ्यांचं काय होतं हेही दिसतं. मी एका बाजूने बोलावं अशी अपेक्षा असेल, तर मला ते जमणार नाही.

सध्या टूलला दुसऱ्या डिस्कवरची जागा तात्पुरती उसनी घ्यायला शिकवतेय. डीएम-लॉग-राइट्स या कर्नलमधल्या साधनाने प्रत्येक लेखन नोंदवून ठेवते आणि त्यातल्या प्रत्येक टप्प्यावर वीज गेली असं धरून डिस्क तपासते. ते नीट चाललं तर अडकलेल्यांपैकी बरेच सुटतील. ज्यांच्याकडे दुसरी डिस्कच नाही ते उरतील. पुढची पॅचमाला पाठवीन तेव्हा जुना फॉरमॅट वाचणारा कोड तिच्यात असेल की नसेल, हे मी अजून ठरवलेलं नाही.