ऑक्टोबरात भिगवणला रोहित नको, माळ मागा

दिवाळीच्या सुट्टीत भिगवणला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: रोहित (फ्लेमिंगो) आले का? बहुतेकदा उत्तर नाही असंच असतं, आणि त्यात पक्ष्यांचा काही दोष नाही. पावसाळा संपताना इथलं उजनी धरण तुडुंब भरलेलं असतं. रोहित उथळ पाण्यात उभा राहून, चोच उलटी धरून गढूळ पाणी गाळून खातो. रब्बीची आवर्तनं सुरू होऊन पाणी उतरेपर्यंत आणि कडेची गाळपेराची जमीन उघडी पडेपर्यंत त्याला पाय ठेवायला जागाच नसते. पट्टकादंब हंसही थंडी पडल्यावरच येतात. तेव्हा या दिवसांत नावेतून दोन तास फिरणं पुरे. नदी सुरय, चित्रबलाक, हळदीकुंकू बदकं मिळतात. नावाड्याला थव्याच्या बरंच अलीकडे इंजिन बंद करायला सांगा, बाकीचं काम काठीने होतं.

उरलेला सगळा वेळ माळाला द्यावा. इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या माळावर वन विभागाची गवताळ सफारी आहे. आधी नोंदणी करायची, स्थानिक गाईड घ्यायचा आणि ठरलेल्या वाटेवरूनच फिरायचं. चिंकाऱ्यासाठी बारामती तालुक्यातलं सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्यही आहे, जेमतेम 5 चौरस किलोमीटरचं.

आदल्या दिवशीचा पाऊस विचारल्याशिवाय निघू नका. परतीचा पाऊस ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत कधीही गाठतो. मुरमाड वाट तासाभरात सुकते, पण मध्ये काळ्या मातीचा पट्टा लागला की चाकांना चिखलाचे थर चढतात आणि गाडी जागेवर गरगरते. अशा दिवशी गाईड पुढे जाऊ नको म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नये.

दुसरी अडचण कुसळांची. कुसळी गवताचं बी एका टोकाला सुईसारखं टोकदार असतं आणि दुसऱ्या टोकाला पिळलेला लांब केस असतो. दमट हवेत पीळ सुटतो, उन्हात परत बसतो, आणि या फिरण्यानेच बी गिरमिटासारखं आत शिरतं. उलट्या दिशेच्या लवेमुळे ते मागे निघत नाही. सुती मोजे आणि लोकरी कपडे म्हणजे कुसळांना आमंत्रणच. गुळगुळीत कापडाची पँट घालावी, ती मोज्यांवरून खाली ओढून घ्यावी. मोज्यात शिरलेलं कुसळ शेपटीकडून ओढलं तर तुटतं. मोजा काढून आतल्या बाजूने टोक चिमट्यात धरून पार करावं.

ऑक्टोबरच्या मध्याला सूर्य साडेसहाच्या आत उगवतो आणि सव्वासहाच्या आत मावळतो. माळावर उजाडतानाच पोचलं पाहिजे. साडेनऊनंतर जमीन तापते, हवा थरथरायला लागते आणि दोनशे मीटरपलीकडचं सगळं पाण्याखाली असल्यासारखं दिसतं. मग कितीही महागडी लेन्स असो, फोटो मऊच येतो. दुर्बीण 8×42 ची बरी: गाडीतून 10 पट फार हलते. खिडकीवर टेकायला जुन्या पँटचा पाय दोन्हीकडे शिवून त्यात दोनेक किलो तांदूळ भरावेत. आणि इंजिन बंद. कंप तर जातोच, शिवाय बॉनेटवरून उठणारी गरम हवाही फोटो बिघडवते.

या दिवसांत गवत गुडघ्याच्या वर असतं, त्यामुळे अख्खा चिंकारा क्वचित दिसतो. कान, शिंगाचं टोक, सारखी हलणारी काळी शेपटी एवढंच शोधायचं. घाबरला की तो पाय आपटतो आणि शिंकल्यासारखा आवाज काढतो. तो ऐकू आला म्हणजे तुम्ही जास्तच जवळ गेलात. नांगरटीच्या उघड्या जमिनीवर धाविक पक्षी बघावा, आणि ऊन वर आल्यावर पाणवठ्यावर उतरणारे पखुर्ड्या पक्षी.

लांडग्याचा माग गाईडला मेंढपाळांकडून लागतो. दिवाळीच्या सुमारास धनगरांचे बरेच कळप कोकणाकडे निघतात, त्यामुळे कालची जागा आज उपयोगाची नसते. लांडगा लांब पायांवर, शेपटी खाली सोडून एका चालीत जातो. कुत्र्याची शेपटी बहुधा वर वळलेली. पण रंगाने विचित्र, पिवळट जनावर दिसलं तर लगेच लांडगा म्हणून नोंद करू नका, कारण पुणे जिल्ह्यात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर जनुकीय तपासणीतून सिद्ध झालेला आहे. लांडग्यांची पिल्लं थंडीच्या सुरुवातीला जन्मतात. बिळापाशी नेतो म्हणणाऱ्या गाईडला सरळ नकार द्यावा. माणसाची चाहूल लागली की मादी पिल्लं उचलून दुसरीकडे नेते.

माळाचा खरा राजा या महिन्यात भोवत्या. मध्य आशियाकडून येणारा हा शिकारी पक्षी गवतातल्या नाकतोड्यांवर ताव मारतो. पंख किंचित वर उचलून, गवताच्या शेंड्यांना घासेल इतकं खाली तरंगत येतो. नर ओळखायला सोपे. माँटेग्यूच्या भोवत्याच्या पंखावर काळी रेघ आणि पोटावर तांबूस रेघोट्या असतात. पांढुरका भोवत्या खालून स्वच्छ पांढरा, पंखाच्या टोकाला फक्त काळी पाचर. माद्यांनी भलेभले चकतात: दोन्ही तपकिरी, दोन्हींच्या शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. मान बघा. पांढुरकीच्या गळ्याभोवती फिकट कॉलर आणि तिच्या मागे गडद पट्टा असतो. मानच नीट दिसली नाही तर वहीत ‘भोवत्या मादी’ एवढंच लिहावं, त्यात कमीपणा नाही.

भोवत्या झाडावर नाही, गवतात जमिनीवर रात्र काढतो. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी एकेक पक्षी येतो, घिरट्या घालतो, बसतो, उठतो, परत बसतो. गाडी दीडशे-दोनशे मीटरवर थांबवा आणि खाली उतरू नका. गाडीला तो सहसा बुजत नाही, पण दोन पायांवर उभा माणूस दिसला की सगळे उठतात आणि अंधारात नवी जागा शोधत फिरतात. सूर्य बुडाला आणि गाईड निघू म्हणाला की निघायचं. मागच्या सीटवरच्यांनी मात्र लगेच डोळे मिटू नयेत, तरस दिसलं तर याच वेळी, परतीच्या वाटेवर दिसतं.