प्रवेश मोफत, तरी पत्र हवंच

वर्षाचे बारा चित्रपट ठरवायला आमच्या चित्रपट मंडळाला एक रविवार पुरला. जुने मराठी, दोन कोंकणी, मुलांसाठी एक, दोन माहितीपट, बाकी परदेशी. सभागृह मिळालं, वर्गणी जमली. अडलं ते एका मराठी चित्रपटाच्या परवानगीपत्रापाशी, आणि तिथे पाच आठवडे गेले. अजून आठवलं की चीड येते, कारण खाली लिहितो ते आधी कळलं असतं तर आठवडाभरात काम झालं असतं.

तिकीट लावलं नाही तर परवानगी लागत नाही, असं पुष्कळ मंडळांना वाटतं. ही समजूत आपल्याकडे जत्रेतल्या नाटकांमुळे पडली असावी. हौशी मंडळाने फुकट प्रेक्षकांपुढे नाटक केलं तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सवलत आहे, पण ती साहित्य, नाटक आणि संगीताच्या प्रयोगाला. चित्रपटाला नाही. घरच्या ओटीटीच्या वर्गणीवर सभागृहात चित्रपट लावणंही चालत नाही.

तर हक्क कुणाकडे? निर्माते हयात नाहीत. मुलगा म्हणाला, हक्क विकले. टीव्हीवाले म्हणाले, आमच्याकडे फक्त सॅटेलाइट, म्हणजे टीव्हीवर दाखवण्याचे. ओटीटी कंपनी म्हणाली, आमच्याकडे फक्त डिजिटल, म्हणजे इंटरनेटवर दाखवण्याचे. तिघंही खरं बोलत होते. आमचा प्रश्नच मोघम होता. 'हक्क कुणाकडे आहेत' असं विचारू नका. 'नॉन-थिएट्रिकल हक्क, म्हणजे थिएटरबाहेर सभागृहात दाखवण्याचे हक्क कुणाकडे आहेत' असं विचारा, आणि विक्रीच्या करारातली हक्कांची यादी वाचायला सांगा. मुलाने करार काढून वाचला तेव्हा कळलं की हे हक्क विकलेच नव्हते, ते घरातच होते. तीन आठवडे इथे गेले.

पत्र आलं आणि सभागृहाच्या कार्यालयाने ते परत केलं. 'आपल्या कार्यक्रमात दाखवण्यास हरकत नाही' एवढंच लिहिलं होतं, तारीख नव्हती. दुसऱ्या पत्रात तारीख आली, जागेचं नाव राहिलं. तिसऱ्या वेळी विचारलं, वारस तीन आहेत, मग सही एकाचीच कशी? प्रत्येक हरकत रास्त होती. राग याचा की तिन्ही पहिल्याच दिवशी दिसत होत्या, तरी दर खेपेला एकच सांगितली.

म्हणून पत्र त्यांच्यावर सोडू नका. मसुदा स्वतः करून फक्त सहीला पाठवा. त्यात चित्रपटाचं नाव व प्रदर्शनाचं वर्ष, कार्यक्रमाची तारीख व वेळ, सभागृहाचं पूर्ण नाव, आसनं, खेळ किती, प्रवेश मोफत की सशुल्क, प्रत कोणत्या स्वरूपात येणार, आणि सही करणारा कोणत्या नात्याने सही करतोय, हे सगळं हवं. वारस अनेक असतील तर बाकीच्यांचं संमतिपत्र जोडा. पावसाने तारीख हलू शकते, तेव्हा एक पर्यायी तारीखही घाला. ही ओळ आम्हाला चौथ्या पत्रात सुचली.

याच पत्रव्यवहारात सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रतही मागून घ्या. प्रमाणपत्र जुनं आहे म्हणून कुणी अडवलं तर सांगा, २०२३ च्या दुरुस्तीने दहा वर्षांची मुदत कायद्यातूनच काढली आहे. परदेशी चित्रपटाला भारतातलं प्रमाणपत्र नसेल तर केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट घ्यावी लागते. वर्षाच्या आखणीत सगळ्यात आधी हेच काम हाती घ्या.

खूप जुना चित्रपट असेल तर आधी वर्ष मोजा. चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं राहतो; म्हणजे १९६४ चा चित्रपट २०२४ संपताच मोकळा झाला. पण कथा आणि गाण्यांचे हक्क वेगळे मोजतात, आणि चांगली प्रत ज्याच्याकडे आहे त्याला विचारावं लागतंच.

कोंकणी चित्रपटांना एकेका फोनवर होकार मिळाला. निर्माते इथलेच.

प्रत आली की त्याच दिवशी शेवटपर्यंत चालवून पाहा. जुने चित्रपट बहुधा चौकोनी चौकटीचे, साधारण चारास तीन. प्रोजेक्टर 'फुल'वर, म्हणजे चित्र ताणून पडदा भरण्यावर, असला की माणसं बुटकी आणि जाडी दिसतात. चौकट ४:३ वर आणा, बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. मराठी उपशीर्षकांच्या जागी चौकोन दिसले तर फाइल यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीचं नाव) पुन्हा जतन करा, तरी दिसले तर देवनागरी फॉन्ट घाला.

थिएटरच्या सर्व्हरवर डीसीपी, म्हणजे थिएटरसाठीची डिजिटल प्रत, लावणार असाल तर आणखी दोन गोष्टी. कुलूपबंद डीसीपीची केडीएम, म्हणजे किल्ली, त्याच एका सर्व्हरपुरती आणि ठरलेल्या वेळेपुरतीच चालते. मागताना 'भारतीय वेळ' असं लिहा. यूटीसीचे, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचे, संध्याकाळचे सहा म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे साडेअकरा. चाचणीसाठी आदल्या दिवसापासून मागा. दुसरं, डीसीपीची डिस्क बऱ्याचदा विंडोजची नव्हे, लिनक्स या दुसऱ्या संगणकप्रणालीची असते. ती विंडोजच्या संगणकाला लावली की 'फॉरमॅट करायची का' असं विचारलं जातं. तिथे 'नाही'च दाबायचं. डिस्क उघडत नाही म्हणजे ती बिघडली असं नव्हे, ती तशीच थिएटरच्या ऑपरेटरच्या हातात द्या.