सागरी कायद्याच्या अभ्यासाचे एक वर्ष

बॅलार्ड इस्टेटमधील मालवाहतुकीच्या कचेरीत दिवसभर काम करून मी वर्षभर संध्याकाळी सागरी कायद्याच्या पदविकेचे वर्ग केले, त्यामागे घरातील एक जुने प्रकरण होते. वडील खलाशी असताना जहाजाच्या परदेशी मालकाने दिवाळे काढले आणि त्यांचा नऊ महिन्यांचा पगार बुडाला. ‘कंपनीच उरली नाही, मागणार कोणाकडे?’ असे एजंटाने सांगितले आणि विषय तिथेच मिटला.

पहिले दोन महिने चार्टरपार्टीची, म्हणजे जहाज भाड्याने घेण्याच्या कराराची, कलमे डोक्यात शिरत नव्हती. ‘एम. व्ही. एलिझाबेथ’चा निकाल वाचला तेव्हा वाट सापडली. हे जहाज १९८४ मध्ये बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल जहाजावर चढवल्याची पावती, न देताच मुरगाव बंदरातून माल घेऊन गेले आणि पुढे विशाखापट्टणमला अटकेत पडले, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाने रोखले गेले. १८६१ चा ब्रिटिश कायदा बंदरात येणाऱ्या मालाविषयीच बोलतो, बाहेर जाणाऱ्या मालाविषयी नाही, हा जहाजमालकाचा बचाव सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये फेटाळला. त्या जुन्या कायद्यांची जागा घेणारा स्वतंत्र भारतीय कायदा २०१७ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१८ पासून लागू झाला.

त्याचे नववे कलम मी किती वेळा वाचले असेल, सांगता येणार नाही. खलाशांचा थकलेला पगार आणि मायदेशी परतण्याचा खर्च हा थेट जहाजावरचाच बोजा असतो. मालक बदलला तरी तो सुटत नाही आणि बँकेच्या गहाणाच्याही आधी येतो. न्यायालयाने जहाज विकले, तर तो हक्क विक्रीच्या रकमेवर जातो. म्हणजे मागणी कंपनीकडे नव्हे, जहाजाकडे करायची असते, आणि हे तत्त्व या कायद्याच्या कितीतरी आधीपासूनचे आहे. एजंटाचे उत्तर मुळातच चुकीचे होते, हे कळले त्या रात्री मला झोप लागली नाही.

मुदत मात्र कडक आहे: पगार देय झाल्यापासून दोन वर्षांत जहाज अटक झाले नाही, तर हा बोजा संपतो. वडिलांच्या बाबतीत ती वेळ कधीच टळली होती. परीक्षेआधी १८५६ च्या बिल ऑफ लेडिंग कायद्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा आला, म्हणून टिपणे पुन्हा लिहावी लागली. त्याच वहीतून एक पान मी साध्या मराठीत उतरवले. करारपत्र, पगाराच्या पावत्या आणि सीडीसीच्या (खलाशाच्या नोकरीची नोंदवही) प्रती कशा जपायच्या आणि दोन वर्षे कोणत्या तारखेपासून मोजायची, एवढेच त्यात आहे. माझे दोन चुलतभाऊ सध्या जहाजावर आहेत. ते पान वडिलांनी स्वतः वाचून त्यांना पाठवायला सांगितले.