सहा तिरफळं

शुक्रवार, रात्री साडेबारा

श्रावणात चार टेबलं भरली तरी खूप, म्हणून ते ताट माझ्या नजरेस पडलं. एरवी थेट मोरीत गेलं असतं. बांगडा अर्धा उरलेला, आणि कडेला सहा तिरफळं, आमटीत वासाला घालायची ती सुकी फळं, ओळीनं मांडलेली.

वाढप्यांचा कॅप्टन म्हणाला, "दादा, आमटीत खडे लागतात म्हणाले. जीभ बधिर झाली."

बंद करताना शेठनी सांगितलं, उद्यापासून तिरफळं नकोत. मी "बरं" म्हटलं. तेच खुपतंय. निदान एकदा तरी "का?" विचारायला हवं होतं.

31 जुलैला मासेमारीची बंदी संपली तरी ताजा बांगडा या आठवड्यातच हाती लागला. दोन महिने बर्फातलाच मासा शिजवला. म्हणून आज मसाल्याचं वाटप पोराकडे न देता मीच काढलं. तिरफळातली काळी बी कडू, ती एकेक काढली, नुसती टरफलं जराशी चेचली आणि शेवटच्या उकळीला सोडली. सुरमईला ती नकोत, पण बांगड्याला त्यांच्यावाचून चव कुठली?

तिरफळं घरची. मागल्या दारच्या झाडाचे काटे आईच्या हाताला अजून लागतात. फोनवर तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "तिरफळां घातलंस मरे?" आता काय सांगू तिला?

सतरा वर्षं या भट्टीपुढे उभा आहे. खांद्याचं दुखणं… असो. पण आमटीत काय पडायचं, एवढं तरी माझ्या हातात आहे असं वाटायचं. मी "बरं" का म्हटलं?

मघाशी धाकटीला झोपलेली बघितलं आणि आठवलं, तीही लहानपणी विचारायची, "बाबा, हे लाकूड कशाला?" तिच्या ताटातली तिरफळं मी वेचून काढायचो. चावायची नसतात हे तिला मी सांगितलं. त्या माणसाला कोणी सांगितलं? कॅप्टनलाच ठाऊक नाही, कारण मी कधी बोललोच नाही. आणि त्या माणसानं तरी फेकली कुठे? एकेक काढून नीट ठेवली होती.

शेठशी सकाळी बोलतो. ताटात तिरफळ दिसणार नाही, पुरचुंडी करून पातेल्यात सोडेन आणि वाढण्याआधी काढून घेईन. ऐकतील असं वाटतं. सोलकढीचं फडकं नको, त्याला आमसुलाचा रंग बसलाय. जाताना नवं मलमल घ्यायला हवं.